सीव्हीटी सिटी, ५८ हजार किलोमीटर झाले: गाडी चांगली आहे पण तिला घाई चालत नाही

माझी नोकरी चाकणला, गिअर बनवणाऱ्या कंपनीत, क्वालिटी डिपार्टमेंटला. म्हणजे दिवसभर गिअरचे दात तपासायचे आणि संध्याकाळी घरी यायचं ते ज्या गाडीत गिअर बदलतच नाहीत अशा गाडीतून. यावरून ऑफिसमधली मंडळी चार वर्षं माझी टर उडवतायत, मॅडम आपल्याच पोटावर पाय देताय वगैरे. असो. २०२१ च्या दिवाळीत आम्ही होंडा सिटी घेतली, पाचव्या पिढीची, दीड लिटर पेट्रोल, सीव्हीटी (म्हणजे ठरलेल्या पायऱ्यांचे गिअर नसलेली ऑटोमॅटिक), आणि आता काटा ५८ हजारांच्या पुढे गेलाय तर म्हटलं नीट बसून लिहावं, कारण घेताना मी स्वतः जे शोधत होते ते मराठीत कुठेच सापडलं नव्हतं, जे सापडलं ते एक तर "सीव्हीटी म्हणजे डोक्याला ताप" नाही तर "एकदम मख्खन". दोन्ही अर्धंच खरं आहे.

घेतली का, तर गुडघा. वारज्याहून चाकणला जाणारे येणारे ओळखतील, मोशीच्या पुढे सकाळी जी रांग लागते त्यात आधीच्या मॅन्युअल गाडीत दीड तास अर्ध्या क्लचवर काढायचे आणि घरी आलं की डावा पाय जिना चढायला तयार नसायचा. डॉक्टर म्हणाले व्यायाम करा, मी म्हटलं गाडी बदलते. आता आठवड्यातून तीन दिवस गाडी, दोन दिवस कंपनीची बस, आणि गुडघा बरा आहे (व्यायाम अजून सुरू व्हायचाय).

तर ट्रॅफिकमध्ये ही गाडी कशी आहे, याचं उत्तर एका ओळीत, याहून चांगलं मला काही माहीत नाही. ब्रेकवरचा पाय हळूच उचलला की गाडी आपणहून सरकायला लागते, पुढची रिक्षा थांबली की पाय ठेवायचा, बस. पहिला दुसरा पहिला दुसरा हा जो खेळ असतो तो नाहीच. घ्यायच्या आधी आम्ही एएमटीवाली (म्हणजे मॅन्युअलचाच गिअरबॉक्स, पण क्लच आणि गिअर मशीन टाकतं) एक गाडी दोन दिवस भाड्याने घेऊन चालवली होती, त्यात प्रत्येक गिअर पडताना मागे बसलेल्या सगळ्यांच्या माना एकदम होकार दिल्यासारख्या हलायच्या, सीव्हीटीत ते नाही कारण हलायला गिअर पडतच नाही. आमच्या सासूबाईंना घाटात गाडी लागते, पिशवी हातात धरूनच बसायच्या, या गाडीत कुंभार्ली उतरून चिपळूणला पोचेपर्यंत गप्पा मारत असतात. माझ्या मते हा सगळ्यात खरा रिव्ह्यू.

आता ते रबर बँड प्रकरण. जे कोणी सीव्हीटीला शिव्या देतं ते याच्यासाठीच देतं, आणि पहिले तीन महिने मी पण दिल्या. मॅन्युअलवरून आलेल्या माणसाच्या कानाला सवय असते की आवाज चढला की गाडी पळाली, आवाज आणि वेग हातात हात घालून जातात. यात ॲक्सिलरेटर एकदम दाबला की इंजिन आधी वर जाऊन बसतं, मिनिटाला चार पाच हजार फेऱ्यांवर (आरपीएम), आणि तिथेच हंबरत राहतं, आणि गाडी मागून सावकाश वेग पकडत येते. कुकरच्या शिट्ट्या आधी होतात आणि भात नंतर शिजतो तसं. पहिल्यांदा खंबाटकी चढताना एका लोड ट्रकला ओव्हरटेक मारायला मी पाय पूर्ण दाबला आणि तो आवाज ऐकून नवऱ्याने विचारलं काय तुटलं का. काही तुटलेलं नव्हतं, गाडी आपलं काम करत होती, आणि खरं सांगायचं तर ओव्हरटेक झालासुद्धा व्यवस्थित, फक्त वाटत मात्र होतं की गाडी रडतेय.

हे असं का होतं ते कळलं की चीड निम्मी कमी होते म्हणून सांगते. आणि सीव्हीटी म्हणजे काहीतरी परग्रहावरची गोष्ट असं वाटणाऱ्यांनी आपल्या घरातली ॲक्टिव्हा बघावी, तीपण सीव्हीटीच. आमच्या बाबांकडे कायनेटिक होंडा होती, ८४ साली जी आली आणि बटण दाबून सुरू व्हायची, गिअर नाहीत, लोक हसायचे म्हणे की ही काय बायकांची गाडी, त्यातही हेच तत्त्व. दोन पुल्या आणि मध्ये पट्टा. पुली दोन शंकूंची असते, शंकू जवळ आले की पट्टा बाहेरच्या बाजूला चढतो, लांब गेले की आत उतरतो, एका पुलीवर चढला की दुसऱ्यावर उतरणार, आणि त्यातूनच पहिल्या गिअरपासून शेवटच्या गिअरपर्यंत सगळं मधे न थांबता होतं. स्कूटरमध्ये पट्टा रबराचा आणि शंकू सरकवायला ते रोलर असतात, मेकॅनिक म्हणतो ना "मॅडम रोलर गेलेत", तेच. गाडीत पट्टा पोलादाचा, म्हणजे शेकडो पातळ पोलादी चकत्या पोलादाच्याच पट्ट्यांवर ओवलेल्या, आणि शंकू दाबून धरायला ऑइलचं प्रेशर. गंमत म्हणजे तो पट्टा ओढत नाही, ढकलतो. आमच्या ऑफिसातल्या एकाने विचारलं होतं दोरीने ढकलता येतं का, नाही येत, पण रुपयाच्या नाण्यांची चवड आडवी घट्ट धरून एका टोकाला ढकललं तर दुसरं टोक सरकतं की नाही, तसं. पट्ट्याची सीव्हीटी मोटारींत रुळवली डच लोकांनी, डाफ नावाच्या कंपनीने १९५८ मध्ये रबरी पट्ट्यांची छोटी गाडी काढली होती, तिचा रिव्हर्स पुढे जाण्याइतकाच जोरात असायचा म्हणून हॉलंडमध्ये तिच्या उलट्या पळण्याच्या शर्यती लावायचे. पोलादी पट्टा मोटारीत यायला पुढे ८७ साल उजाडलं.

तर मुद्दा असा की या गिअरबॉक्सला कुठलाही रेशो (इंजिनच्या आणि चाकांच्या फेऱ्यांचं प्रमाण) मिळू शकतो, त्यामुळे तुम्ही ताकद मागितली की ती इंजिनला थेट तिथे नेऊन ठेवते जिथे ताकद आहे. माझ्या गाडीची १२१ पीएस पॉवर येते ६६०० आरपीएमला आणि १४५ एनएम टॉर्क (फिरवायचा जोर) ४३०० ला, टर्बो नाही, म्हणजे खाली दम कमी आणि वर जास्त. मग ती वरच जाऊन बसणार. म्हणून मी म्हणते की आवाजाचं निम्मं खापर गिअरबॉक्सवर उगाच फुटतं, इंजिन तसं आहे. नणंदेच्या मॅग्नाइटमध्ये एक लिटर टर्बोला सीव्हीटी जोडलेली आहे, ती गाडी लहान, इंजिन तीन सिलिंडरचं, पण टर्बोचा टॉर्क खालीच मिळतो म्हणून तिला एवढं वर जाऊन ओरडावं लागत नाही, साध्या चढाला तर माझ्यापेक्षा शांत जाते. हे कुणी सांगत नाही. आणि हा एकसुरी आवाज शर्यतीच्या गाडीलाही चुकलेला नाही, ९३ साली विल्यम्सने फॉर्म्युला वनच्या गाडीला सीव्हीटी लावून टेस्ट केली होती, डेव्हिड कुल्थार्ड चालवत होता, पूर्ण चक्कर एकाच सुरात भुंगा गुणगुणल्यासारखी जाते ती गाडी. शर्यतीत उतरायच्या आधीच नियम बदलून बंद केली. म्हणजे वेगात कमी होती म्हणून नव्हे हां.

पाय कसा ठेवायचा हे शिकायला मला तीन चार महिने लागले आणि खरं तर सगळा रिव्ह्यू इथेच आहे. सीव्हीटीत ॲक्सिलरेटर दाबायचा नाही, वाढवत न्यायचा, गॅस बारीकवरून मोठा करतो तसा. एक तृतीयांश पायात गाडी दोन हजारांच्या आसपास राहून मस्त सुळकन वेग घेते, आवाज नाही काही नाही, आणि सिग्नलवरून निघताना बहुतेक गाड्या मागेच राहतात. हायवेला १०० ला काटा दोन हजारांच्या आतबाहेर असतो, गाडीत कुजबुजलं तरी ऐकू येतं. ओव्हरटेक मारायचा असेल तर अर्धा सेकंद आधी ठरवायचं, आधी पाय वाढवायचा मग गाडी बाहेर काढायची, उलटं केलंत तर समोरून येणाऱ्या एसटीचा हॉर्न आणि आपल्या इंजिनचा आवाज दोन्ही एकदम ऐकू येतील आणि घाम फुटेल. ज्याला तो पाठीला बसणारा धक्का हवाय, गिअर खाली टाकून खेचायची मजा हवीये, त्याने ही गाडी मॅन्युअल घ्यावी, तेच इंजिन मॅन्युअलमध्ये भलतंच खेळकर आहे, मी मैत्रिणीची चालवलीय आणि थोडा जीव जळला, खोटं का बोला.

स्टिअरिंगच्या मागे दोन पॅडल आहेत, सात पायऱ्या. हे खोटे गिअर आहेत, कॉम्प्युटर पुलीला सात ठरलेल्या जागी थांबवतो एवढंच. पळवायला मला त्यांचा काही उपयोग वाटला नाही, दोनदा खेळून झालं की विसरायला होतं. पण घाट उतरायला सोन्यासारखे. कोयनानगर सोडलं की कुंभार्लीचा जो उतार लागतो तिथे पहिल्या वेळी मी डी (नेहमीचा ड्राइव्ह मोड) मध्येच उतरत होते आणि गाडी मोकळी सुटल्यासारखी पळत होती, ब्रेक ब्रेक ब्रेक, खाली पोचेपर्यंत ब्रेकचा जळका वास. आता एस (स्पोर्ट मोड) मध्ये टाकते, डावं पॅडल दोन तीन वेळा ओढते, इंजिन तीन साडेतीन हजारांवर गाडीला मागून धरून ठेवतं आणि वळणावर फक्त नावाला ब्रेक लागतो. डी मध्येच पॅडल ओढलं तर गाडी थोड्या वेळाने आपल्या मनाने परत ऑटोमध्ये जाते, म्हणून घाटात एस. पावसाळ्यात तर हे हवंच.

ॲव्हरेज. (सासरे बाकी काही विचारत नाहीत.) कंपनीचा आकडा सीव्हीटीला १८.४ आणि मॅन्युअलला १७.८, म्हणजे कागदावर ऑटोमॅटिक जास्त देते, हे सासऱ्यांना अजून पटलेलं नाही. माझं चाकणच्या ट्रॅफिकमध्ये साडेअकरा ते साडेबारा, हायवेला नव्वदने गेलं तर अठरा साडेअठरा मिळालेत, ११० च्या वर ठेवलं की पंधरा सोळा.

आता टिकाऊपणा, ज्याच्यासाठी बहुतेक लोक वाचत असतील. माझ्या गाडीला गिअरबॉक्सचं आजवर काही म्हणजे काही झालेलं नाही. बॅटरी बदलली, टायर बदलले, पुढचे ब्रेक पॅड बदलले, सीव्हीटीचं ऑइल ४० हजाराला बदललं. पण एका गाडीवरून सर्टिफिकेट देण्यात अर्थ नाही आणि भीती हवेतून आलेली नाही हे पण खरंय. निसानला अमेरिकेत २००३ ते २०१० च्या गाड्यांच्या सीव्हीटीची वॉरंटी दुप्पट करून १० वर्षं किंवा १ लाख २० हजार मैल करावी लागली होती, कंपनी असं प्रेमाने करत नाही. आपल्याकडे पण सगळ्या कंपन्या यात टिकल्या नाहीत, बलेनोला आधी सीव्हीटी होती, २०२२ च्या नव्या मॉडेलला काढून एएमटी दिली, ते स्वस्त पडतं म्हणून असेल, पण ज्यांनी जुनी चालवलीय ते अजून हळहळतात.

यात मरतं काय, तर पट्टा आणि पुली यांच्यामधली पकड. पोलादावर पोलाद, मध्ये ऑइलचा थर, आणि त्या थरातूनच सगळी ताकद जाते. म्हणजे हे ऑइल नुसतं गुळगुळीत ठेवायला नाहीये, त्याने पकड पण द्यायचीय. ते गरम होऊन होऊन जुनं झालं, किंवा त्यात बारीक लोखंडी भुकटी साठली, किंवा कुणीतरी साधं ऑटोमॅटिकचं ऑइल ओतलं, तर पट्टा किंचित घसरतो, घसरला की पुलीवर ओरखडा, एकदा ओरखडा पडला की तो वाढतच जातो. आमच्या कंपनीत गिअरच्या पृष्ठभागावर मायक्रॉनवरून भांडणं होतात त्यामुळे मला हे ऐकूनच पोटात गोळा येतो. गिअरचा दात झिजला तरी गाडी ओरडत ओरडत दोन वर्षं जाईल, पुलीला ओरखडा गेला की ती तेवढी दया दाखवत नाही. आणि इथे ती साधी नट बोल्टची दुरुस्ती नसते, गल्लीतला मेकॅनिक हात लावत नाही, कंपनी म्हणते आख्खा बॉक्स बदला.

म्हणून ऑइल. घराजवळच्या एका मल्टिब्रँड वर्कशॉपमध्ये, नाव घेत नाही, मला सांगितलं मॅडम हे लाईफटाईम ऑइल आहे, बदलायचं नसतं. कुणाची लाईफ, विचारलं तर हसला. दुसऱ्या वेळी तिथलाच दुसरा म्हणाला मशीन लावून फ्लश करावं लागेल आणि बिल एवढं सांगितलं की मी सीट बेल्ट लावला आणि निघाले. शेवटी होंडाचं सीव्हीटीसाठीचं ऑइल, एचसीएफ-२ च टाकून घेतलं, साधं ड्रेन करून, समोर उभं राहून, डबा उघडताना बघून. साडेचार हजारांच्या आसपास बिल झालं. एकदा ड्रेन केल्यावर सगळं ऑइल निघत नाही, बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारा, ऑइलने भरलेला भाग) आणि इकडे तिकडे राहतं, म्हणून मी ठरवलंय की दर ४० हजाराला गुपचूप करायचं, कुणी काही म्हणो. निघालेलं ऑइल बाटलीत घेऊन ऑफिसला नेलं होतं (हो, मी तशी बाई आहे), चहासारखा रंग होता, जळका वास नाही, जीव भांड्यात पडला.

याच्या उलट चुलतभावाची गोष्ट. त्याने सेकंड हँड सीव्हीटी घेतली, कुठल्या कंपनीची ते सांगत नाही कारण दोष गाडीचा की आधीच्या मालकाचा हे आम्हाला आजपर्यंत कळलेलं नाही. ८० हजार चाललेली, चकाचक, दोन लाख कमी किमतीत, पाच मिनिटं सोसायटीभोवती फिरवून बघितली आणि टोकन दिलं. पंधरा दिवसांनी कात्रजचा घाट चढताना, एसी चालू, चार माणसं, तर चाळीसच्या वेगाला गाडी दातखिळी बसल्यासारखी थरथरायला लागली. थंड असताना काहीही नाही, गरम झाली की थरथर. ऑइल काढलं तर काळंकुट्ट. दोनदा बदललं, थोडं कमी झालं, चार महिन्यांनी परत सुरू, आणि मग जो आकडा ऐकला तो १ लाख ८० हजार. वाचवलेले दोन लाख जिथल्या तिथे. तेव्हा जुनी सीव्हीटी घेणार असाल तर माझं ऐका, सकाळी थंड गाडी बघायला जाऊच नका, निदान अर्धा पाऊण तास चालवा, एखादा चढ शोधा, वीस ते पन्नासच्या मधे अगदी हलक्या पायाने जा आणि हाताला थरथर जाणवते का बघा, कुंई असा बारीक सूर वेगाबरोबर चढतोय का ऐका, आणि सर्व्हिस रेकॉर्डमध्ये सीव्हीटी ऑइलची एंट्री नसेल तर किंमत त्याप्रमाणे पाडा नाही तर नमस्कार करा. आणि बंद पडली तर दोरी बांधून ओढत नेऊ नका, पुढची चाकं फिरतात आणि आत ऑइलचा पंप बंद, क्रेनवाल्याला सपाट ट्रक घेऊनच बोलवा.

अजून एक गोंधळ सगळ्यांचा होतो म्हणून. हायब्रिड गाड्यांना ई-सीव्हीटी लिहिलेलं असतं, हायरायडर, ग्रँड व्हिटारा, हायक्रॉसची हायब्रिड, सिटीची हायब्रिड पण, त्यात हा पट्टाच नाही. टोयोटाच्या पद्धतीत गिअरचाच एक संच आणि मोटरी मिळून ते काम करतात, सिटी हायब्रिडमध्ये बहुतेक वेळ मोटरच चाकं फिरवते. त्यामुळे वर लिहिलेली पट्ट्याची भीती तिकडे लावू नका, आवाजाची तक्रार मात्र थोडीफार लागू होते. आणि ह्युंदाई-किआवाले ज्याला आयव्हीटी म्हणतात ती आपली पट्टेवालीच बहीण, फक्त पट्ट्याऐवजी साखळी.

बाबांना गेल्या गणपतीत चालवायला दिली. पंच्याहत्तरीचे आहेत, मॅन्युअल सोडून चार वर्षं झालेली. वारजे ते डुक्करखिंड आणि परत. डावा पाय दोन वेळा क्लच शोधत होता, मग सापडत नाही म्हटल्यावर शांत बसला. उतरल्यावर म्हणाले कायनेटिकच की ही, फक्त हेल्मेट लागत नाही.

सिटीबद्दल बाकी काय, जागा भरपूर, मागची सीट झकास, एसी थंडगार, गाडी बुटकी आहे त्यामुळे आमच्या सोसायटीच्या स्पीड ब्रेकरला पाच जण असताना पोट घासतं, गुडघेदुखीवाल्यांना खाली वाकून बसावं लागतं हा विनोद माझ्यावरच झालाय. पण मन लावून चालवायची असेल तर मॅन्युअल, आणि मन दुसरीकडे ठेवून घरी पोचायचं असेल तर ही. पुढचं ऑइल ८० हजाराला आहे, म्हणजे अजून दीडेक वर्ष, तेव्हा बाटलीचा रंग परत सांगीन. आणि वारजे कोथरूड भागात फ्लशचं मशीन पुढे न करता साधं ड्रेन करून बरोबर ऑइल टाकून देणारा कुणी माहीत असेल तर कृपया सांगा, मागच्या वेळचा गॅरेजवाला नाशिकला शिफ्ट झालाय.